नदीकाठची जमीन राखायची कशी?
वरोरा अभ्यासदौऱ्यात पाहिलेले आणि उमगलेले



माझ्या सातबाऱ्यावर नदीकाठची दोन एकर बारा गुंठे मळी आहे. मळी म्हणजे कारखान्याची मळी नव्हे, पुराच्या गाळाने घडलेली काठाची जमीन. हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. कागदावर ती आजही दोन एकर बारा गुंठेच आहे. प्रत्यक्षात साखळी टाकून मोजली तर दोन एकरसुद्धा पुरती भरत नाही. बारा गुंठ्यांहून थोडे अधिक नदीने नेले. शेतसारा मात्र पूर्वीइतकाच भरतो आहे.

२००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी माझी जमीन नेली, असे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सांगायला संकोच वाटतो. पण ते सांगितल्याशिवाय पुढच्या लिहिण्याला अर्थ नाही. २००३ च्या उन्हाळ्यात काठावरची करंजाची झाडे, निर्गुडीची जाळी आणि खालचा लव्हाळा मी मशीन लावून साफ केला. हेतू एवढाच, की आणखी पाच सऱ्या बसाव्यात. बसल्याही. दोन हंगाम त्या पाच सऱ्यांचा ऊस कारखान्यावर गेला. चिटबॉय म्हणाला, "आप्पा, प्लॉट वाढला की तुमचा!" मलाही बरे वाटले.

मग २००५ चा पूर आला. पाणी चढले तेव्हा काही झाले नाही. पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी, स्वच्छ ऊन पडलेले असताना, त्या पाच सऱ्या उभ्या उसासकट खाली बसल्या. पुढच्या दोन पुरांनी आणखी तेवढीच जमीन नेली.

काठाला सलग संरक्षक भिंत बांधून मिळावी, अशा अर्जावर आपल्या गटातल्या पन्नासएक सभासदांच्या सह्या आहेत. पहिली सही माझी आहे. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. त्याआधी वरोऱ्याकडे जे पाहिले, ते सर्वांपुढे ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते.

वर्धेचा काठ

कारखान्याचा पट्टा पडल्यावर आपल्या गटातले आम्ही तीस-बत्तीस सभासद अभ्यासदौऱ्यावर निघालो. मुख्य ठिकाण वरोऱ्याचे आनंदवन. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ साली कुष्ठरोग्यांना बरोबर घेऊन खडकाळ, ओसाड जमिनीवर हे काम उभे केले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ज्यांच्या हातांची बोटे झडली होती, त्या माणसांनी विहिरी खणल्या आणि शेती केली. ते पाहून आमच्यातला प्रत्येक जण थोडा गप्पच झाला. आपल्या दहा बोटांचे आपण काय करतो, असे मनात आले.

दुसऱ्या दिवशी वर्धा नदी पाहायला गेलो. वरोरा तालुका चंद्रपूर जिल्ह्यात येतो आणि त्याच्या पश्चिमेच्या अंगाने वर्धा वाहते. ती मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या बाजूला उगम पावते, वढ्याजवळ पैनगंगेला पोटात घेते, पुढे वैनगंगेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. तिकडे ऊस थोडा. कापूस, सोयाबीन, तूर जास्त. पण माती आपल्यासारखीच काळी, आणि काठही आपल्यासारखाच उभा कापलेला. जुलै २०२२ मध्ये या नदीला मोठा पूर आला. पाटाळ्याचा पूल पाण्याखाली गेला, वरोरा-वणी रस्ता बंद पडला आणि काठची पिके दिवसेंदिवस पाण्यात राहिली. खाली चंद्रपूरला तर वर्धा फुगली की इरई नदीचे पाणी पुढे सरकत नाही. ते मागे फिरून शहराच्या सखल वस्त्यांत शिरते. त्यात इरईच्या काठी कोळसा खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगर उभे. नदीने अंग पसरावे तरी कुठे?

एका शेतकऱ्याच्या रानात काठावर उभे राहिलो. पऱ्हाटीची शेवटची ओळ कड्यापासून दोन हातांवर होती. आमच्यातला एक जण माझ्याकडे पाहून म्हणाला, "आप्पा, तुमचंच रान दिसतंय हे." मी काही बोललो नाही.

मामांचे तलाव

त्याच दिवशी दुपारी गाडी पूर्वेला चिमूरच्या रस्त्याने वळली आणि पुढे नागभीड, सिंदेवाहीच्या बाजूला गेलो. इथे मुलूख बदलतो. रान दाट होते, भाताची खाचरे दिसू लागतात, आणि दर गावाशेजारी एखादे तळे. तिकडे त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. आमच्यातल्या एकाने विचारले, "कुणाचे मामा?" मामा म्हणजे माजी मालगुजारी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांवर तलाव आहेत.

हे तलाव शेकडो वर्षांपासूनचे. चांद्याच्या गोंड राजांनी तळी बांधणाऱ्यांना जमिनी दिल्या. तळ्याखाली जेवढे रान भिजेल तेवढे बांधणाऱ्याचे, अशी बोली होती असे सांगतात. बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव पहिले येते. आणि उसाच्या सभासदांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, हे कोहळी भाताबरोबर ऊस पिकवणारे म्हणून जुन्या काळापासून प्रसिद्ध होते. साखर कारखाना कुणी ऐकलाही नव्हता, तेव्हा या लोकांनी जंगलात तळी बांधून ऊस भिजवला आणि गूळ केला.

तलावाची रचना साधी आहे. दोन उंचवट्यांमध्ये मातीची पाळ. पाण्याच्या अंगाला दगड लावलेले. पाळीवर झाडे आणि गवत. शेताला पाणी सोडायला 'तुडुम' नावाची मोरी. तिची तोंडे पाण्याच्या पातळीप्रमाणे वरून खाली एकेक उघडत जायची. जादा पाणी जायला बाजूला सांडवा. हा सांडवा ओढ्यात मोकळा सुटत नाही; वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यात, त्याचा त्याखालच्या तळ्यात. पाण्याला अशा चार-पाच ठिकाणी बसत, उठत जावे लागते. नदीपर्यंत पोचेस्तोवर त्याचा जोर निघालेला असतो आणि मातीही मागेच राहिलेली असते. तीच माती उन्हाळ्यात गाड्या भरून शेतात जाते.

पाळीवर एक वृद्ध शेतकरी भेटले. आम्ही त्यांना विचारले, "बाबाजी, एवढी जुनी मातीची पाळ पुरात फुटत कशी नाही?" ते हसून म्हणाले, "पान्याले अडवाचं नाई जी, बसवाचं. अडवलं का ते भांडते."

एवढ्या एका वाक्यात त्यांनी सगळे सांगून टाकले.

अर्थात तिकडेही सारे आलबेल नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारकडे आले आणि गाव त्यातून मोकळे झाले. पूर्वी पाळीवर माती टाकायला, पाट साफ करायला घरटी माणूस जायचा. तो बंद झाला. अनेक तलाव गाळाने भरले, काहींच्या पोटात शेती झाली, काहींत बेशरम माजली. अलीकडे गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या परिसरात ढीवर समाजाच्या लोकांनी, त्यातही बायांनी पुढे होऊन, बेशरम उपटली, तळ्याचा तळ नांगरला आणि पाण्यातल्या गावरान वनस्पती पुन्हा लावल्या. मासे वाढले, पक्षी परत आले. तळे बांधण्याइतकेच ते राखणे मोठे, हा त्याचा बोध.

काठ ढासळतो कसा?

आता आपल्या काठाकडे येऊ. मोठ्या नदीचा महापूर तळ्यांनी थांबत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. शेकडो मैलांचे पाणी आणि वरच्या धरणांचा विसर्ग ही गोष्ट वेगळी. पण काठ ढासळणे आणि पूर येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पूर आपल्या हातात नाही. काठ बऱ्याच अंशी आहे.

काठ तीन कारणांनी जातो. पहिले, प्रवाह काठाच्या पायथ्याची माती खरवडतो आणि वरचा भाग अधांतरी राहतो. दुसरे कारण माझ्या पाच सऱ्यांचे. पूर असतो तेव्हा नदीचे पाणीच काठाला टेकू देत असते. ते भराभर उतरले की टेकू जातो, आणि काठाची माती मात्र पाणी पिऊन जड झालेली असते. ती आपल्याच वजनाने खाली बसते. म्हणून काठ पुरात नव्हे, पूर ओसरल्यावर पडतो. तिसरे कारण आपले पाटपाणी. सरीतून सोडलेले पाणी कड्यापर्यंत नेले तर ते आतून झिरपून काठ ढिला करते.

या तिन्हींवर उसाचे मूळ उपयोगाचे नाही. उसाची बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांत असतात. पंधरा-वीस फूट उंचीचा काठ त्यांनी धरून कसा ठेवावा? उलट वाळा घ्या. आपण माठात घालतो तोच. त्याची मुळे दहा-बारा फूट सरळ खाली जातात आणि माती सुतळीने शिवल्यासारखी धरतात. कर्नाटकात गुंडलुपेटच्या भागात शेतकरी बांधाला वाळा लावत आले आहेत. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या शेतीतज्ज्ञांनी तो पाहिला आणि देशोदेशी नेला. म्हणजे गवत आपले, शहाणपण आपले, आणि आपण मात्र ते उपटून ऊस लावणार!

भिंत कुठे हवी, कुठे नको

मी भिंतीच्या विरुद्ध नाही. पूल, घाट, जॅकवेल किंवा गावठाण अगदी प्रवाहाच्या तोंडावर असेल, तर तिथे दगड-सिमेंटला पर्याय नाही. पण मैलभर शेतीच्या काठाला भिंत बांधली तर काय होते? पाण्याचा जोर भिंतीवर जिरत नाही. तो परतून समोरच्या काठावर जातो, नाहीतर भिंत संपते तिथे शेजाऱ्याच्या शेतात घुसतो. भिंतीचा पाया खरवडला गेला की तीही एक दिवस झुकते. मुळांचे तसे नाही. ती दरवर्षी जास्त पक्की होतात. पुरात लव्हाळा वाकतो आणि पूर ओसरला की उभा राहतो, हे वारकऱ्यांच्या मुलखाला नव्याने शिकवायला नको.

नाला खोलीकरणाचेही तेच. गाळ काढणे चांगले. पण यंत्राने नाला खोल आणि सरळ केला, दोन्ही काठ उभे तासले आणि त्यावर गवताची काडी ठेवली नाही, तर पुढच्या दोन पावसाळ्यांत तो काठ नाल्यात येतो आणि पाणी मात्र दुप्पट वेगाने नदीकडे धावते.

हॉलंड देशाचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. समुद्र आणि नद्यांना भिंती घालण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. १९९५ साली तिथल्या नद्या इतक्या चढल्या, की सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी ठरवले, बंधारे किती उंच करीत बसायचे? नदीलाच जागा देऊ. तिसाहून अधिक ठिकाणी त्यांनी नदीचे पात्र मोकळे केले, कुठे बंधारे मागे सरकवले. एका भागातल्या शेतकऱ्यांनी तर आपणहून योजना मांडली: मोठ्या पुरात आमच्या रानात पाणी येऊ द्या, आम्ही घरे आणि गोठे उंच ओट्यांवर बांधतो. सरकारने ती मानली. अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांनीही २०१० पासून निसर्गाला बरोबर घेऊन बांधकाम करण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि २०२१ मध्ये अनेक देशांनी मिळून त्याची मार्गदर्शिका काढली. त्या मार्गदर्शिकेचे सार नागभीडकडच्या बाबाजींच्या वाक्यापेक्षा फार वेगळे असेल, असे मला वाटत नाही.

प्रत्यक्ष करायचे काय?

शेतकी खात्याशी बोलून, वाचून आणि पाहून जे जमले ते क्रमाने देतो.

१. उभा कडा आधी उतरता करावा. एक फूट उंचीला दीड ते दोन फूट उतार असावा. उभ्या कड्यावर काहीच टिकत नाही.

२. पायथ्याला, जिथे बारमाही पाणी लागते तिथे, दगड हवाच. तारेच्या जाळीत भरलेले दगड चांगले. ते थोडे बसतात पण फुटत नाहीत, आणि त्यांच्या फटींतून लव्हाळा उगवतो.

३. उतारावर वाळ्याच्या आडव्या ओळी लावाव्यात. दर चार-पाच फुटांवर एक ओळ, ओळीत सहा इंचांवर एक ठोंब. लागण मृगात करावी, म्हणजे मूळ धरायला वेळ मिळतो. वाळ्याचा कोवळा पाला जनावरे खातात. पण मुळे विकण्यासाठी उपटायची नाहीत, नाहीतर सगळे मुसळ केरात.

४. ओळींच्या मधे निर्गुडी आणि वाळुंजाचे ओले फाटे रोवावेत. दोन्ही फाट्यावरून जगतात, पुरात वाकतात, मोडत नाहीत.

५. करंज, जांभूळ, बांबू यांना वरच्या सपाटीवर, कड्यापासून आत जागा द्यावी. मोठे झाड अगदी कड्यावर नको. ते पडताना काठ घेऊन पडते.

६. उसाची शेवटची सरी कड्यापासून निदान वीस फूट आत ठेवावी, आणि शेताचे जादा पाणी एका ठिकाणी दगडी उतरंडीवरून खाली सोडावे.

७. पात्रात हात घालण्याआधी महसूल आणि पाटबंधारे खात्याची परवानगी घ्यावी. काठालगतची वाळू कुणाला उपसू देऊ नये. पायथाच गेला तर वरचे सगळे व्यर्थ.

पहिली दोन वर्षे धोक्याची. लागणीनंतर लगेच मोठा पूर आला तर निम्मे वाहून जाईल, ते पुन्हा लावावे लागेल. शेळ्या-मेंढ्यांपासून राखावे लागेल. ज्याला एका उन्हाळ्यात काम उरकून मोकळे व्हायचे आहे, त्याला हे जमणार नाही. आणि एकट्याचे तर हे कामच नाही. मी माझा काठ बांधला आणि वरच्या शेजाऱ्याने कड्यापर्यंत नांगर घातला, तर त्याचा काठ फोडून पाणी माझ्या पाठीमागून येईल.

सहा गुंठ्यांचा हिशेब

आपण उसाचे लोक, टनाचा हिशेब मांडल्याशिवाय आपले समाधान होत नाही. म्हणून मांडतो. माझा काठ तीनशे तीस फूट लांब आहे. वीस फूट रुंदीचा पट्टा सोडला तर सहा गुंठे जातात. एकरी चाळीस टनाने धरले तर वर्षाला सहा टन ऊस गेला. ते कमी नाही. लहान शेतकऱ्याच्या घरात सहा टनांचे पैसे दिसतात.

आता दुसरी बाजू. २००३ साली मी ज्या पाच सऱ्या वाढवल्या, त्या चार-चार फुटांच्या होत्या. म्हणजे तोच वीस फुटांचा पट्टा, तेच सहा गुंठे. दोन हंगाम मिळून त्यांतून बारा टन ऊस आला. आणि गेले काय? बारा गुंठे, कायमचे. माझ्या नातवाच्या नातवापर्यंत. नदीचे सहा गुंठे मी घेतले, तिने आपले परत घेतले आणि वर सहा व्याज म्हणून नेले. सोसायटीचे व्याज परवडले!

म्हणून माझी सभासदांना विनंती आहे. भिंतीच्या अर्जावरची माझी सही मी काढून घेणार नाही. पण अर्जात दुरुस्ती सुचवणार आहे. जॅकवेल आणि घाटाजवळ भिंत मागावी. उरलेल्या काठाला पट्टा, वाळा आणि झाडे असा ठराव करावा. कारखान्याने ऊस बेण्यासारखीच वाळ्याची रोपवाटिका एका गटात करून पाहावी. शेतकी खात्याने प्लॉटची नोंद घेताना काठापासूनचे अंतरही लिहून घ्यावे. आणि काठालगतच्या सर्वांनी एकाच वर्षी, एकाच मृगात, एकदम लागण करावी. आपण सहकार सहकार म्हणतो. तो गव्हाणीवर मोळी टाकेपर्यंतच का असावा?

मी माझ्यापुरते ठरवले आहे. येत्या तोडीनंतर शेवटच्या पाच सऱ्यांचा खोडवा धरणार नाही. घरात सांगितले तेव्हा थोरला म्हणाला, "आप्पा, आधीच जमीन कमी झालीय, आणखी सोडायची?" मी त्याला म्हटले, "सोडत नाही बाबा, राखतोय."

त्याला ते पटले की नाही, कोण जाणे. पण मृगाच्या आधी खड्डे काढायला येतो म्हणाला आहे. आपणही यावे.

आपला,
एक काठकरी सभासद